कुळीथ, वाल आणि डबल बी: वास नेमका कुठे तयार होतो?

माळरान (धागाकर्ता)

भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर येणारं, खतपाणी फारसं न मागणारं पीक म्हणजे कुळीथ. दाण्यात सुमारे २२ टक्के प्रथिनं. कॅल्शियम तुरीच्या डाळीच्या तिपटीहून जास्त. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे कडधान्य वर्ष म्हणून पाळलं, आता १० फेब्रुवारीला जागतिक कडधान्य दिनही असतो. तरी कुळीथ, कडवे वाल, डबल बी ही मंडळी रोजच्या ताटात परतलेली नाहीत. अन्नसुरक्षेच्या चर्चेत उत्पादन मोजतात, प्रथिनं मोजतात, वास कोणी मोजत नाही. माझं ठाम मत आहे की ताट सरकवलं जातं ते बहुतेक वेळा वासामुळे. आणि तो वास काही दाण्याचा जन्मजात दोष नाही. तो आपण तयार करतो, प्रक्रियेच्या एका ठरावीक पायरीवर.

कडधान्यात लायपॉक्सिजनेज नावाचं एन्झाइम असतं. कोरड्या, अख्ख्या दाण्यात ते आपल्या जागी निपचित असतं. दाणा फुटला, पाणी मिळालं आणि हवा लागली की ते स्निग्धांशातल्या लिनोलिक आम्लावर तुटून पडतं. त्यातून जे बाष्पनशील पदार्थ सुटतात त्यांतला मुख्य हेक्झॅनाल, म्हणजे नुकत्या कापलेल्या गवताचा हिरवट वास. सोबत थोडं १-ऑक्टेन-३-ओल, ते ओलसर अळंबीसारखं लागतं. आपण ज्याला ‘कच्चट’ म्हणतो तो या सगळ्यांचा एकत्र वास.

कुळथात स्निग्धांश जेमतेम अर्धा-एक टक्का, मग एवढा वास कसा? कारण आपलं नाक. पाण्याच्या एक अब्ज भागांत हेक्झॅनालचे पाचेक भाग असले तरी ते ओळखू येतं. शिवाय एकदा तयार झालेलं हेक्झॅनाल प्रथिनांना चिकटून बसतं. मग पीठ कितीही उकळा, लसूण कितीही घाला, वास झाकला जातो पण जात नाही.

म्हणून कुळथाच्या पिठाचा क्रम एकच: आधी उष्णता, मग फोडणं, मग पाणी. हा शोध जुनाच आहे. कोकणात कुळीथ भाजून, भरडून, सालं पाखडून मगच दळतात. सोयाबीनच्या दुधाच्या बाबतीत अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९६७ मध्ये हेच दाखवलं: सोयाबीन गार पाण्यात न वाटता ८० अंशांच्या वर तापलेल्या पाण्यात वाटलं की कच्चट वास जवळजवळ येतच नाही.

पिठावर काम करणाऱ्यांनी आपापले अडथळे इथे लिहावेत. वाल, चवळी, मटकी, साठवण, शेतातली कीड, सगळंच चालेल.

जातंगिरणी

मध्यम आचेवर कढईत १५ मिनिटं भाजलेल्या कुळथाच्या पिठालाही वास येतो. सालं काळपट होतात, पण पीठ भिजवलं की हिरवट वास येतोच. आणखी भाजलं तर पीठ कडू. यात कुठे चुकतं?

माळरान

चूक कोरडेपणात आहे. कोरड्या दाण्यातलं एन्झाइम उष्णतेला बराच वेळ दाद देत नाही, ओल्या दाण्यातलं लवकर मरतं. बाहेरून साल करपते तोवर दाण्याच्या गाभ्यात ते जिवंतच असतं. उपाय सोपा आहे. १ किलो निवडलेल्या कुळथावर ५० ते ६० मिलिलिटर पाणी शिंपडा, हाताने चोळून सगळ्या दाण्यांना लावा आणि झाकून अर्धा तास ठेवा. दाणे भिजलेले दिसता कामा नयेत, फक्त हाताला दमट लागावेत. मग जाड बुडाच्या लोखंडी कढईत मंद ते मध्यम आचेवर भाजा. पहिली पाच-सहा मिनिटं वाफ निघते, एन्झाइम मरतं ते याच वेळात. नंतर दाणा कोरडा होतो, साल तडकायला लागते आणि खमंग वास सुटतो. हा वास पायरॅझिनांचा, म्हणजे साखर आणि अमिनो आम्लं तापल्यावर होणारे पदार्थ. एका वेळी किलोभरापेक्षा जास्त घालू नका. थर जाड झाला की खालचे करपतात आणि वरचे कच्चे राहतात.

झालं की परातीत पातळ पसरून पूर्ण गार करा. गरम असताना डब्यात भरले तर वाफ आतच जिरते आणि भरडताना साल सुटत नाही.

पीठ तयार झालं की ही चाचणी करा: एका वाटीत १ चमचा पीठ, ४ चमचे गार पाणी. ढवळून झाकण ठेवा. दहा मिनिटांनी झाकण काढून लगेच नाक जवळ न्या. खमंग वास आला तर ठीक. ओल्या गवताचा, कच्च्या शेंगेचा आला तर गाभा कच्चा आहे. असं पीठ वाया जात नाही, पण ते भिजवून ठेवायचं नाही, कोरडंच पुन्हा मंद आचेवर परतून घ्यायचं. वास थोडा राहतो.

सांडगे_पापड

भिजवून न ठेवण्याचा मुद्दा पिठीलाही लागू आहे. पाण्यात कालवलेलं पीठ फोडणी होईपर्यंत ओट्यावर बसलं की तेवढ्यात वास धरतं. आधी फोडणी, त्यात पाणी, ते खळखळ उकळलं की मगच पीठ कालवून लगेच ओतायचं.

शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या पातेल्यासाठी प्रमाण: ५० मुलांना १ किलो पीठ, साडेसात ते आठ लिटर पाणी. त्यातलं दीड लिटर पीठ कालवायला, बाकीचं उकळायला. पीठ ओतताना एकाने ओतावं आणि दुसऱ्याने ढवळावं, नाहीतर गुठळ्या होतात आणि गुठळीचा मधला भाग कच्चा राहतो. ओतल्यावर किमान १० मिनिटं रटरटू द्यावं. हिंग तेलातच घालावा. त्याचा वास गंधकाच्या संयुगांचा, तो तेलात उतरतो, पाण्यात टाकला तर नुसता वाफेबरोबर उडून जातो. लिंबू उतरवल्यावर पिळावं. कुळथातलं लोह अंगी लागायला ‘क’ जीवनसत्त्व मदत करतं आणि ते उकळीत टिकत नाही.

आमसुलाचं मात्र लक्षात ठेवा. पिठीत ते कधीही चालतं. अख्ख्या कुळथाच्या उसळीत दाणा पूर्ण शिजल्यावरच घालायचं. आंबटपणामुळे दाण्याच्या पेशींमधलं पेक्टिन सुटत नाही आणि दाणा दगडासारखा राहतो. जड पाण्यातल्या कॅल्शियमचंही तसंच. सोडा घातला तर दाणा मऊ होतो, पण थायामिन (‘ब-१’ जीवनसत्त्व) जातं आणि साबणासारखी चव येते.

बिरडंप्रेमी

कडव्या वालाला हाच नियम लावायचा का? आधी भाजून मग भिजवायचे?

रसायनवही

नाही. इथे नियम उलटा आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

वालात आणि डबल बीमध्ये सायनोजेनिक ग्लुकोसाइड, म्हणजे तुटल्यावर सायनाइड सोडणारे पदार्थ असतात, डबल बीमध्ये मुख्यतः लिनॅमरिन. हा पदार्थ स्वतः उडून जात नाही. दाण्यातच त्याला तोडणारं लिनॅमरेज नावाचं एन्झाइम असतं. पाणी मिळालं आणि पेशी फुटल्या की दोघांची गाठ पडते आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. ते २६ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे वाफेबरोबर सहज निघून जातं. म्हणून कुळथात जी गाठ पडू द्यायची नाही, ती इथे मुद्दाम पाडायची, आणि सुटलेलं विष हवेत आणि पाण्यात घालवायचं.

कोरडे वाल थेट उकळत्या पाण्यात टाकले तर एन्झाइम आधी मरतं आणि लिनॅमरिन तसंच राहतं. पुढे पोटातले जिवाणू ते तोडू शकतात. वाल भाजून, न शिजवता त्याचं पीठ करणं त्याच कारणाने चुकीचं.

डाळिंब्यांची घरगुती पद्धत या रसायनाला अगदी बरोबर धरून आहे. वाल १२ तास भरपूर पाण्यात भिजवायचे, ते पाणी टाकून द्यायचं. ओल्या फडक्यात बांधून आणखी १२ ते २४ तास ठेवायचे, म्हणजे मोड येतात आणि एन्झाइम जोरात काम करतं. मग १५-२० मिनिटं कोमट पाण्यात टाकून सोलायचे. कोमट म्हणजे बोट आरामात राहील इतकंच. उकळतं पाणी ओतलं तर साल पटकन सुटते, पण एन्झाइम तिथेच संपतं. सोललेल्या डाळिंब्या पुन्हा धुवायच्या आणि पहिली काही मिनिटं झाकण न ठेवता शिजवायच्या. कुकरच लावायचा असेल तर आधी उघड्या भांड्यात एक उकळी काढून ते पाणी फेकायचं.

बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या डबल बीमध्ये हे प्रमाण कमी असतं. रानटी आणि गडद रंगाच्या दाण्यांत खूप जास्त. वालातही गडद दाण्याला जास्त जपावं.

बिरडंप्रेमी

म्हणजे सोलल्यावर डाळिंब्या फ्रिजमध्ये ठेवल्या तर कच्चट वास वाढेल ना?

रसायनवही

वाढेल. सोलताना दाण्याला नख लागतं, तुकडे पडतात, तिथे लायपॉक्सिजनेज कामाला लागतं. सोलल्यावर तासाभरात शिजवाव्यात. ठेवायच्याच असतील तर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाकून, निथळून, गार करून फ्रीजरला. त्या वेळेपर्यंत लिनॅमरिन तोडायचं काम झालेलं असतं, त्यामुळे आता उष्णता चालते.

आणखी एक. डबल बी, राजमा, घेवडा यांत लेक्टिन हे कच्चं राहिलं तर बाधणारं प्रथिन असतं. ते मंद आचेच्या भांड्यात ७०-८० अंशांवर मरत नाही. खळखळ उकळी किमान १० मिनिटं हवी, अर्धा तास ठेवला तर निर्धास्त.

पूर्वविदर्भ

लाखोळीबद्दल एक इशारा इथेच लिहून ठेवतो, कारण वास गेला म्हणजे धोका गेला असा समज होऊ शकतो. लाखेच्या डाळीतलं ओडॅप हे पायांच्या पांगळेपणाशी जोडलेलं द्रव्य उडून जाणारं नाही आणि त्याला वासही नाही. ते पाण्यात विरघळतं. गरम पाण्यात भिजवून पाणी फेकणं, पुन्हा भरपूर पाण्यात शिजवून तेही पाणी काढणं, यानेच ते कमी होतं. भाजून बेसनासारखं वापरलं तर बरंचसं पोटात जातं. रतन, प्रतीक, महातिवडा हे कमी ओडॅपचे वाण आहेत. बियाणं घेताना वाणाचं नाव विचारून घ्या. आणि कमी ओडॅपचा वाण असला तरी ही डाळ महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून खायची नाही.

खारेपाट

वासाला घालवण्याचीच चर्चा चालली आहे. वालाचा वास राखण्याचंही शास्त्र आहे आणि ते रायगडच्या पोपटीत, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांत दिसतं.

वालाच्या कोवळ्या, भरलेल्या शेंगेवर तेलकट थर असतो. शेंगा खुडल्यावर बोटं चिकट लागतात ती त्यानेच. त्याचा वास मुख्यतः ट्रान्स-२-डोडेसिनोइक आणि ट्रान्स-२-टेट्राडेसिनोइक या मेदाम्लांचा. थंडी आणि दव पडलं की तो जास्त जाणवतो. बंगळुरूच्या बाजारात या वासाला ‘सोगडु’ म्हणतात आणि गिऱ्हाईक शेंग हुंगून अवरे (वाल) घेतं. तिथल्या कृषी विद्यापीठाने दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसलेले हेब्बाळ अवरे ३ आणि ४ हे वाण दिले, त्यामुळे शेंग हिवाळ्याबाहेरही मिळते. तरी थंडीतल्या शेंगेच्या वासालाच मान आहे.

आता पोपटी. मडक्याच्या तळाला आणि कडेने भांबुर्डा या सुगंधी रानवनस्पतीचा पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, हवी तर अंडी-बटाटे. पाणी थेंबभरही नाही. तोंडाशी पुन्हा पाला गच्च कोंबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, पालापाचोळा, काटक्या रचून पेटवायचं. अर्धा ते पाऊण तास. मडक्यावर पाणी शिंपडलं की ‘चर्र’ होऊन क्षणात उडालं पाहिजे. पाणी ओघळलं तर अजून वेळ आहे.

या धाग्याच्या भाषेत पाहा. शेंग अख्खी आहे, फुटलेली नाही, आणि स्वतःच्याच ओलीच्या वाफेत शिजते. लायपॉक्सिजनेजला संधी मिळण्याआधीच ते मरतं, म्हणून पोपटीतल्या दाण्याला कच्चट वास अजिबात नसतो. त्याच वाफेबरोबर भांबुर्ड्याच्या पानांतलं सुगंधी तेल सुटतं आणि शेंगेवरच्या तेलकट थरात मुरतं, कारण टर्पीन वर्गातले पदार्थ पाण्यापेक्षा तेलात जास्त रमतात. मडकं उपडं असतं म्हणून वाफ वरच्या बंद बुडाशी कोंडते. ही छोटी ऊर्ध्वपातन भट्टीच आहे.

बिघडतं ते तीन कारणांनी. पाला सुकलेला असला तर तेल आधीच उडालेलं असतं आणि धुराटपणा येतो. फुलावर आलेला जून पाला कडवट उतरतो. आणि शेंगा धुऊन ओल्याच भरल्या तर वरचा तेलकट थर जातो आणि शेंगा उकडल्यासारख्या लागतात. माती असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. पाला फवारणी झालेल्या बांधावरचा घेऊ नका.

सांडगे_पापड

भांबुर्डा नाही मिळाला तर?

खारेपाट

केळीचं पान घालून शेंगा छान शिजतात, पण ती पोपटी नव्हे. केळीच्या पानात ते तेलच नाही.

बांधावरचा

शेताच्या बाजूने थोडं. डबल बीवर नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन इथे झालेलं काम प्रसिद्ध आहे. मार्सेल डिके आणि मॉरिस साबेलिस यांनी १९८८ मध्ये दाखवलं की लाल कोळी लागलेलं रोप लिनालूल, ओसिमीन, मिथाइल सॅलिसिलेट असे पदार्थ हवेत सोडतं आणि त्या वासावर कोळी खाणारा भक्षक कोळी येतो. नुसतं पान फाडलं तर हे मिश्रण तसं येत नाही. किडीच्या लाळेमुळे फरक पडतो.

वाल-चवळीवाल्याने यातून घ्यायचं ते असं की रोपाने बोलावलेला पाहुणा आपण फवारणीने मारू नये. मावा दिसला की लगेच सर्व किडींवर चालणारं औषध मारलं, तर मावा खाणारे ढालकिडे आणि भक्षक कोळी आधी जातात. मावा आठवड्याभरात परत येतो, ते येत नाहीत. आधी आठवड्यातून दोनदा २० झाडांचे शेंडे पाहा. शेंड्यावर ढालकिड्याच्या अळ्या किंवा फुगून तपकिरी झालेले मावे दिसले, तर थांबा. त्या फुगलेल्या माव्यांत चिमुकली परोपजीवी गांधीलमाशी वाढत असते. फुलोऱ्यात फवारायचंच झालं तर सूर्यास्तानंतर, नाहीतर मधमाश्या जातात.

जातंगिरणी

केनियातलं ‘ढकल-ओढ’ तंत्र आपल्या ज्वारीत चालेल का? टारफुला, म्हणजे ज्वारीच्या मुळांवर जगणारं परजीवी तण, त्यासाठी विचारतोय.

बांधावरचा

केनियात आयसीआयपीई या कीटक-संशोधन संस्थेने झेयौर खान आणि ब्रिटनचे जॉन पिकेट यांच्या कामातून ते उभं केलं. मक्यात डेस्मोडियम हे वैरणीचं द्विदल, कडेने हत्तीगवत. खोडकिडीचा पतंग आतून ढकलला जातो आणि कडेला ओढला जातो, अशी कल्पना. त्यातला वासाचा भाग खोडकिडीसाठी आहे. टारफुल्यावर जे काम होतं ते डेस्मोडियमच्या मुळांतून मातीत झिरपणाऱ्या पदार्थांचं. दोन्ही एकच समजून नुसतं कुठलंही द्विदल लावलं तर निराशा होते.

आपल्याकडे सोपं म्हणजे चवळीचा आंतरपीक किंवा फेरपालटात वापर. चवळीच्या मुळांच्या स्रावाने टारफुल्याचं बी उगवतं, पण त्याला चवळीवर जगता येत नाही, म्हणून मरतं. एका हंगामात रान साफ होत नाही. टारफुल्याचं बी मातीत कित्येक वर्षं टिकतं, म्हणून फूल येण्याआधी उपटणं चालूच ठेवावं लागतं.

कणगी

साठवणीवर लिहितो, कारण चांगले भाजलेले कुळीथसुद्धा किडक्या दाण्याचे असतील तर पिठाला उग्र वास येतोच. तो भुंगेऱ्याच्या विष्ठेचा आणि कातीचा असतो, भाजून जात नाही.

भुंगेरा शेतातूनच येतो. वाळत्या शेंगेवर अंडी घालतो. ३० अंशांच्या आसपास महिन्याभरात एक पिढी पूर्ण. दाण्यावर पांढरा ठिपका दिसला की ते अंडं, आणि गोल भोक दिसलं की किडा बाहेर पडून गेलेला.

कडुनिंब, निर्गुंडीचा पाला घालतात. त्यांच्या वासाने नवीन भुंगेरे काही दिवस दूर राहतात, पण दाण्याच्या आत असलेली अळी त्याने मरत नाही, आणि डबा उघडझाक केला की वास उडून जातो. पाल्यावर भिस्त ठेवू नका. पाला ओला घातला तर उलट बुरशी येते. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या धान्यात कधीच नाही. त्या विषारी आहेत आणि वास दाण्यात मुरतो.

खात्रीचं असं: दाणा दाताखाली कडकन् फुटेपर्यंत वाळवा. खाण्याच्या ५ किलो धान्याला २५ मिलिलिटर शेंगदाण्याचं तेल हाताने चोळा. तेलाचा थर अंड्याची हवा बंद करतो. जास्त झालं तर तेलच खवट होतं. मोठ्या साठ्याला तीन थरांची हवाबंद पिशवी. ही पद्धत १९८० च्या दशकात कॅमेरूनमध्ये चवळीसाठी विकसित झाली. आत किड्यांच्याच श्वासाने प्राणवायू संपत येतो, त्यांना अन्नापासून लागणारं पाणी अंगात तयार करता येत नाही आणि ते सुकून मरतात. म्हणून पिशवी दोन महिने तरी उघडायची नाही. दर आठवड्याला ‘बघू या’ म्हणून उघडली तर सगळा उपयोग गेला.

माळरान

उन्हाने किडे मारण्याबद्दलही लिहा. काळ्या प्लास्टिकवर पसरून वर पारदर्शक प्लास्टिक टाकायची पद्धत आहे ना?

कणगी

आहे. खाली पेंढा किंवा गोणपाट, त्यावर काळं प्लास्टिक, त्यावर दोन-तीन सेंटिमीटरचा थर, वर पारदर्शक प्लास्टिक, कडांवर दगड. धान्य ५७ अंशांवर तासभर राहिलं की अंड्यापासून किड्यापर्यंत सगळं मरतं. खाली पेंढा नसेल तर जमीन उष्णता ओढून घेते आणि खालचा थर तापत नाही. चूक बहुधा इथेच होते. धान्य आधी वाळलेलं हवं. ओलं असेल तर प्लास्टिकच्या आत थेंब जमतात, दाणा वाफाळतो आणि मग त्याच कुळथाला डब्यात कुबट वास येतो. दुपारी १२ ते ३ या वेळात दोन दिवस करा, संध्याकाळी प्लास्टिक काढून धान्य पसरून गार करा आणि मगच भरा.